माहीमचा बुधवार

बुधवारी दुपारी दादरला स्लो लोकल पकडली, की कोण माहीमला उतरणार याचा डब्यातच अंदाज येतो. समोरच्या बाईच्या पिशवीतून झेंडूची माळ डोकावत होती आणि कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. मी तिच्या मागोमाग उतरले. बुधवारी सेंट मायकल चर्चचा रस्ता कुणाला विचारावा लागत नाही.

आईचं बोट धरून मी इथे पहिल्यांदा आले ती १९९३ च्या उन्हाळ्यात. चर्चबाहेर मेणाच्या वस्तू विकायला असतात. हात, पाय, तान्हं बाळ, घर. जे दुखतं किंवा जे हवं असतं ते मेणाचं घ्यायचं आणि आत मेरी माऊलीपुढे ठेवायचं. आईनं तेव्हा घर घेतलं. मला नवल वाटलं, कारण आम्हाला घर होतं. आमच्या मजल्यावरचं एक मुसलमान कुटुंब मात्र त्या जानेवारीत रातोरात निघून गेलं होतं. बोचकी घेऊन ते जिना उतरत असताना चाळीतलं एकही दार उघडलं नाही. आमचंही नाही. ते मेणाचं घर त्यांच्यासाठी होतं, हे आईनं मला सांगितलं माझं लग्न झाल्यावर, पुष्कळ वर्षांनी.

आत बसायला जागा मिळाली ती एका खांबाशेजारी. ही इमारत १९७३ ची, पण चर्च पोर्तुगीजांच्या काळातलं. बुधवारी दिवसभर इथे नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना, चालते, मराठीत, कोकणीत, हिंदीत, इंग्रजीत. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे हे शेजारणीकडे बघून करायचं. अर्ध्याहून जास्त लोक असेच शेजारी बघून करत होते.

इतक्या मोकळ्या दारांच्या या चर्चची दारं १८५३ साली आतून अडसर घालून बंद केली होती, आणि तीही कॅथलिकांनी कॅथलिकांवर. मुंबईच्या चर्चवर हक्क कुणाचा, पोर्तुगालच्या राजाचा की थेट रोमचा, हा तंटा फार जुना. पहिल्या पक्षाला पद्रोआदो म्हणत, दुसऱ्याला प्रोपगांडा. १७९४ पासून शहरात दोघांचा कारभार शेजारी शेजारी चालू होता. माहीमचं चर्च हातचं जाणार असं दिसताच रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन आपल्या माणसांसह आत कोंडून बसले आणि बाहेर विरुद्ध पक्षाचा वेढा पडला. अखेर सरकारी अंमलदारांनी दार उघडायला लावलं आणि चर्च पद्रोआदोकडे गेलं.

दुहेरी कारभार संपला तो १९२८ च्या करारानं. तरी आर्चबिशप आळीपाळीनं पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा, असंच त्यात ठरलं. म्हणजे इथल्या माणसाची पाळी येणारच नव्हती. मग थॉमस रॉबर्ट्स या इंग्रज आर्चबिशपांनी १९४६ मध्ये कारभार वलेरियन ग्रेशस यांच्या हाती दिला आणि स्वतः मुंबई सोडली. १९५० मध्ये ग्रेशस आर्चबिशप झाले, १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल. या सगळ्या इतिहासात मला रॉबर्ट्स यांचं ते निघून जाणं सर्वांत मोठं वाटतं. समेटाच्या गोष्टी करणारे पुष्कळ असतात. आपली खुर्ची रिकामी करून देणारा विरळा.

इथली नोव्हेना सुरू झाली ८ सप्टेंबर १९४८ ला. ती सुरू करणाऱ्या फादरांनी बेलफास्टमध्ये या भक्तीला लोटलेली गर्दी पाहिली होती, असं सांगतात. बेलफास्ट! कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमध्ये भिंती घातलेलं शहर. तिथल्या क्लोनार्ड मठातही हीच नोव्हेना होते, आणि तो मठ अशाच एका भिंतीजवळ आहे. तिथले फादर अ‍ॅलेक रीड १९८० च्या दशकात जेरी अ‍ॅडम्स आणि जॉन ह्यूम या दोन नेत्यांच्या गुप्त भेटी घडवत होते. मार्च १९८८ मध्ये जमावानं पकडलेल्या दोन ब्रिटिश सैनिकांना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा रस्त्यावर गुडघे टेकून त्यांच्यासाठी प्रार्थना करणारे तेच. १९९८ मध्ये तिथे शांतता करार झाला. २००५ मध्ये आयआरए या कॅथलिकांच्या बाजूच्या सशस्त्र संघटनेनं शस्त्रं निकालात काढली, त्याला साक्षीदार म्हणून रीड आणि मेथॉडिस्ट पाळक हॅरल्ड गुड उभे राहिले. कॅथलिकांच्या शस्त्रांबद्दल प्रोटेस्टंटांनी एकट्या कॅथलिक फादरच्या शब्दावर विश्वास का ठेवावा? म्हणून दोघं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

ऊन उतरल्यावर बाहेर पडले. कॉजवेच्या बाजूला मच्छीमार कॉलनी. १२ मार्च १९९३ ला इथे हातबॉम्ब फेकले गेले. त्याआधी डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधल्या हिंदू-मुस्लिम दंगलींत मुंबईत ९०० माणसं मेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा. पुढे निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि समाजकार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पोलीस आणि दोन्हीकडचे रहिवासी एका खोलीत बसू लागले. त्या समित्या चर्चच्या नव्हत्या. पण रिबेरोंसारखा कॅथलिक माणूस दोघांमध्ये बसला, याचं मोल मला कमी वाटत नाही.

तिथून मखदूम अली माहिमींच्या दर्ग्यापर्यंत चालत गेले. उरुसाचा पहिला मान इथे मुंबई पोलिसांचा असतो. दर्ग्याच्या दाराशी फुलांच्या चादरी, आणि झेंडूचा तोच वास, जो दुपारी डब्यात होता.

संध्याकाळी परत चर्चपाशी आले. मेणवालीनं विचारलं, "काय देऊ, बाय?"

"घर द्या, मावशी."

"भाड्याचं सुटून स्वतःचं व्हावं म्हणून?"

"नाही. शेजाऱ्यांसाठी."

तिनं पुढे काही विचारलं नाही. घर कागदात गुंडाळून दिलं. आत रांग लांब होती. त्या कुटुंबातल्या आईबापांची नावं मला आठवत नाहीत, आम्ही त्यांना खाला आणि चाचा म्हणायचो. मुलीचं नाव आठवतं, ती माझ्याच वर्गात होती. घर ठेवताना तिचं नाव घेतलं.