रेडवूडची स्टेट पार्क: सॅन फ्रान्सिस्को ते क्रेसेंट सिटी, पाच दिवसांचा रस्ता

कॅलिफोर्नियात बे एरियातून, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून, उत्तरेला रेडवूड ही जगातली सर्वांत उंच झाडं बघायला निघालेल्या बऱ्याच गाड्या हम्बोल्टपर्यंत जाऊन परत फिरतात. नाहीतर एका दिवसात थेट क्रेसेंट सिटी गाठून दमून जातात. दोन्हीचं कारण एकच. आधी रस्ता ठरतो आणि मग मुक्काम शोधला जातो. या सहलीत क्रम उलटा लागतो. फर्न कॅन्यनचा, म्हणजे नेच्यांनी झाकलेल्या घळीचा, दिवस सगळ्यात आधी पक्का करायचा, त्याच्या आगेमागे कॅम्पसाइट, आणि उरलेलं सगळं त्यात बसवायचं.

खालचा आराखडा चार रात्रींचा आहे: पहिली रात्र हम्बोल्ट रेडवूड्स पार्कात (बर्लिंग्टन कॅम्पग्राउंड), पुढच्या दोन प्रेअरी क्रीक पार्कात (एल्क प्रेअरी कॅम्पग्राउंड) आणि चौथी परतीच्या वाटेवर युरेकात, छपराखाली. रोज तंबू हलवायचा नाही, हे यातलं मुख्य सूत्र. तंबू काढणं, गाडी भरणं आणि पुन्हा तंबू लावणं यात सहज तीन तास जातात, आणि जातात ते दिवसाच्या चांगल्या उजेडातले.

महिना कोणता? आमचं मत सप्टेंबरच्या उत्तरार्धाला. जून ते ऑगस्ट किनाऱ्यावर धुकं दाट असतं, आणि मेमोरियल डे ते लेबर डे (मे अखेर ते सप्टेंबरची सुरुवात) गर्दी. फर्न कॅन्यनला गाडीने जायला 15 मे ते 15 सप्टेंबर या काळात परवाना लागतो, त्यानंतर लागत नाही. शाळा सुरू झालेल्या असतात, किनाऱ्यावर ऊन पडतं आणि मोठा पाऊस अजून आलेला नसतो. मे-जूनमध्ये जायचं असेल तर गुलाबी ऱ्होडोडेंड्रॉन फुललेले मिळतात, पण मग परवान्याची धावपळ करावी लागते. परवाना मोफत असतो, तो ऑनलाइन काढायचा, एका गाडीला एक. प्रवेशाचं शुल्क वेगळं. परवान्याशिवाय गेलात तर गाडी फाटकावरून परत पाठवतात, कितीही लांबून आलेली असो.

कॅम्पसाइटचं आरक्षण रिझर्व्ह कॅलिफोर्नियाच्या संकेतस्थळावर सहा महिने आधी, सकाळी आठ वाजता उघडतं. म्हणजे 20 सप्टेंबरला पोहोचायचं तर 20 मार्चला सकाळी पावणेआठला लॉगिन करून बसायचं. एल्क प्रेअरी आधी घ्या, बर्लिंग्टन नंतर. बर्लिंग्टन नाही मिळालं तर त्याच पार्कात हिडन स्प्रिंग्ज किंवा अल्बी क्रीक बघा. ही दोन्ही हंगामी आहेत, उघडी असल्याची खात्री करून घ्या. एका साइटवर सहसा आठ माणसांची मर्यादा असते. दोन कुटुंबं आणि भारतातून आलेले आई-बाबा असे नऊ जण झाले, तर दुसरी साइट घ्यावीच लागते.

पहिला दिवस. सॅन फ्रान्सिस्कोहून हायवे 101 ने बर्लिंग्टन साधारण 220 मैल. कागदावर चार तास, थांबे धरून सहा. सामानाची मोठी खरेदी युकायातच उरका, पुढे गावं लहान होत जातात. विलिट्सला टाकी भरा. इलेक्ट्रिक गाडी युकायाला भरून घ्या. लेगेटला हायवे 1 डावीकडे फुटतो, तिकडे वळायचं नाही. समुद्रकाठचा रस्ता म्हणून मोह होतो, पण लेगेट ते फोर्ट ब्रॅग हा सलग वळणांचा घाट आहे. मागच्या सीटवर बसलेल्याला पोटाचा त्रास असेल तर तिथे हमखास उलटी होते, आणि वेळेचं गणितही कोलमडतं. परतीलाही हाच नियम.

रिचर्डसन ग्रोव्हजवळ 101 अचानक अरुंद होतो आणि झाडांचे बुंधे डांबराला टेकतात. तिथे फोटोसाठी गाडी हळू करू नका, मागे लाकडाचे ट्रक असतात. पुढे गार्बरव्हिल. त्याच्या उत्तरेला फिलिप्सव्हिलजवळ 101 सोडून स्टेट रूट 254 घ्या. हाच ॲव्हेन्यू ऑफ द जायंट्स, 31 मैलांचा जुना 101, थेट पेपरवुडपर्यंत. नवा हायवे याला समांतर धावतो, त्यामुळे दिशादर्शक ॲप पुन:पुन्हा 101 वर परत ढकलू बघतं. ॲप बंद करा. तसंही इथे सिग्नल तुटक असतो. नकाशे आणि आरक्षणाच्या पावत्या घरूनच फोनमध्ये उतरवून ठेवा.

बर्लिंग्टन कॅम्पग्राउंड वीऑटच्या थोडं अलीकडे, पार्कच्या व्हिजिटर सेंटरला लागूनच आहे. झाडी दाट असल्यामुळे अंधार लवकर पडतो. पाचच्या आत पोहोचलात तर तंबू उजेडात लागेल. आभाळ निरभ्र असलं तरी तंबूवरचं बाहेरचं कापड लावूनच झोपा. रात्री किनाऱ्याकडून धुकं आलं की ते वरच्या फांद्यांत अडकतं आणि पहाटे थेंब थेंब गळत राहतं. पाऊस न पडता सगळं ओलं होतं. किनाऱ्याजवळ तर हे रोजचंच. स्लीपिंग बॅग 30 अंश फॅरेनहाइटला पुरेल अशी, आणि अंगावर सुती ऐवजी लोकरीचे किंवा फ्लीसचे कपडे. ओला सुती कपडा तिथे दोन दिवस वाळत नाही.

दुसरा दिवस. सकाळी आधी फाउंडर्स ग्रोव्ह. वाट सपाट, अर्ध्या मैलाची, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमते. इथला फाउंडर्स ट्री 346 फुटांचा, पण खरं थांबायचं ते डायरव्हिल जायंटपाशी. सुमारे 360 फुटांचं हे झाड 1991 च्या मार्चमध्ये कोसळलं, आणि तेव्हापासून तसंच आडवं आहे. उभ्या रेडवूडची उंची डोळ्यांत मावत नाही. आडव्या झाडाच्या कडेने बुंध्यापासून शेंड्याकडे चालत गेलं की पायांना ती कळते. उपटलेल्या मुळांकडे नीट बघा. एवढ्या झाडाला सोटमूळ नाही. मुळं उथळ असतात आणि आडवी शंभर फुटांपर्यंत पसरून शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. वाट सोडून बुंध्याशी जाऊ नका असं सांगतात ते यासाठी. माती तुडवून घट्ट झाली की वरवरच्या मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही.

तिथून मॅटोल रोडने रॉकफेलर फॉरेस्ट. रस्ता अरुंद, उखडलेला, काही ठिकाणी एकच गाडी जाईल इतका. मोठी आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) नेऊ नका. जगात उरलेल्या जुन्या रेडवूडचं हे सर्वांत मोठं सलग जंगल, सुमारे दहा हजार एकर. बुल क्रीकच्या काठाने चालताना एक गोष्ट ठाऊक असावी. ओढ्याच्या वरच्या अंगाला पार्कच्या हद्दीबाहेर डोंगर तोडून बोडके केले होते. 1955 च्या पुरात तिथला गाळ आणि दगड खाली आले, काठ खचले आणि खालची राखलेली शेकडो मोठी झाडं पडली. पुढे पार्कने वरचं खोरंही ताब्यात घेतलं. नुसतं राई राखून भागत नाही, तिच्यावरचा डोंगरही राखावा लागतो. सह्याद्रीत देवराया बघितलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

या पार्कात पॉयझन ओक हे अंगाला लागलं की खाज आणि पुरळ उठवणारं झुडूप भरपूर आहे. तीन-तीन पानांचा गुच्छ, शरदात लालसर. मुलांना आधी ओळखायला शिकवा. लागलाच तर लवकरात लवकर साबण आणि गार पाण्याने धुवा. कपड्यांवरही तेल राहतं, ते कपडे वेगळे ठेवा.

दुपारी दोनपर्यंत निघा. युरेकात पेट्रोल आणि भाजी. शाकाहारी वाणसामान आर्केटाच्या को-ऑपमध्ये चांगलं मिळतं. ऑरिकच्या पुढे न्यूटन ड्रुरी पार्कवेचा फाटा घेतला की एल्क प्रेअरी. कुरणात रूझवेल्ट एल्क ही मोठी हरणं चरताना दिसतात. सप्टेंबर हा त्यांच्या माजाचा काळ, नर अंगावर येतात. किमान 75 फूट अंतर ठेवा. रस्त्यात उतरून फोटो काढणारे इथे दरवर्षी स्वतःला आणि मागच्या गाड्यांना धोक्यात घालतात.

तिसरा दिवस फर्न कॅन्यनचा. डेव्हिसन रोड कच्चा, धुळीचा आणि खड्ड्यांचा. वाटेत ओढे थेट रस्त्यावरून वाहतात. कोरड्या दिवसांत साधी सेडान जाते, पण पावसानंतर नाही. ट्रेलरला बंदी आहे, मोठ्या आरव्हीलाही. भाड्याची गाडी असेल तर करार वाचा, कच्च्या रस्त्यावर नेल्यास विमा लागू नाही असं कलम बहुतेकांत असतं. सकाळी नऊच्या आत आत शिरलात तर गाडी लावायला जागा मिळते. उन्हाळ्यात ओढ्यावर फळ्या टाकलेल्या असतात, तरी बूट भिजणार हे धरूनच चला. जुन्या सँडल, कोरडे मोजे आणि गाडीत एक जास्तीची पँट ठेवा. दोन्ही बाजूंच्या उभ्या भिंती नेच्यांनी झाकलेल्या आणि वरून पाणी ठिबकतंय. वेरुळ-अजिंठ्याकडे भर पावसात गेलेल्यांना त्या ओल्या दगडाचा वास ओळखीचा वाटेल. वर्तुळ जेमतेम एक मैलाचं, पण दीड तास हवा. परवाना मिळाला नाही आणि पाय दमदार असतील तर प्रेअरी क्रीकच्या व्हिजिटर सेंटरपासून जेम्स अर्व्हिन ट्रेलने पायी जाता येतं. येऊन-जाऊन दहा मैलांहून जास्त.

दुपारी कॅम्पपासून प्रेअरी क्रीक ट्रेलने बिग ट्रीपर्यंत जाऊन कॅथीड्रल ट्रीज ट्रेलने परत या. ही साधारण तीन मैलांची वाट आमच्या मते सगळ्या सहलीतली सर्वांत चांगली, आणि हिला परवाना-बिरवाना काही लागत नाही. हायपेरियनच्या मागे लागू नका. 2006 मध्ये सापडलेलं ते सुमारे 380 फुटांचं झाड जगात सर्वांत उंच. लोकांनी वाट नसताना तुडवत जाऊन त्याच्या बुंध्याची जमीन उघडी पाडली, म्हणून 2022 पासून तो भाग बंद आहे. पकडले गेलात तर 5,000 डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आता स्वयंपाक. दोन बर्नरच्या शेगडीला एक पौंडाची प्रोपेन बाटली एका बर्नरवर पूर्ण आचेत दोन तास चालते. चार माणसांना तीन रात्री खिचडी, पोहे आणि चहा असा बेत असेल तर तीन बाटल्या ठेवा, लहान कुकर असेल तर दोन पुरतात. रिकामी बाटली कचऱ्यात टाकायची नाही, परत न्यायची. लाकूड घरून आणू नका, कॅम्पवरच विकत घ्या. लाकडातून कीड आणि ओकच्या झाडांचा रोग पसरतो. पडलेल्या फांद्या गोळा करायलाही मनाई आहे. खायचं सगळं सामान, मसाल्याचा डबा, हिंग, टूथपेस्ट, कचऱ्याची पिशवी, सारं कॅम्पसाइटवरच्या लोखंडी पेटीत. अस्वलं आहेत.

पण अस्वलापेक्षा महत्त्वाचं आहे चिवडा आणि शेव. मार्बल्ड मरलेट नावाचा समुद्रपक्षी या जुन्या झाडांवरच्या शेवाळलेल्या रुंद फांदीवर एकच अंडं घालतो. तो जंगलात घरटं करतो हे कॅलिफोर्नियात 1974 मध्ये, बिग बेसिनच्या स्टेट पार्कात एका झाडावर चढलेल्या कामगारामुळे कळलं. कॅम्पवर सांडलेल्या खाण्यामुळे निळे स्टेलर्स जे पक्षी आणि डोमकावळे जमतात, त्यांची संख्या वाढते, आणि तेच वर जाऊन मरलेटची अंडी-पिल्लं खातात. फरसाणाइतकं बारीक सांडणारं दुसरं खाणं नाही. म्हणून चिवडा खोलगट भांड्यात, टेबलावर चादर पसरून खा. चादर गोळा करून थेट कचरापेटीत झटका. भांडी नळाखाली धुवायची नाहीत. खरकटं गाळून कचऱ्यात आणि पाणी ठरलेल्या सिंकमध्ये. पक्षी कितीही जवळ आला तरी मुलांना दाणा टाकू देऊ नका.

चौथा दिवस. तंबू ओलाच गुंडाळावा लागेल, मोठी प्लास्टिकची पिशवी हाताशी ठेवा. निघण्याआधी कॅलट्रान्सचा, म्हणजे राज्याच्या रस्ते खात्याचा, क्विकमॅप हा ऑनलाइन नकाशा बघा. क्लॅमथ आणि क्रेसेंट सिटीच्या मध्ये लास्ट चान्स ग्रेड हा दरडींचा टप्पा आहे, डोंगरच समुद्राकडे सरकतो आहे. तिथे अनेकदा एकच मार्गिका चालू असते आणि अर्ध्या तासापर्यंत थांबावं लागतं. तो बंद पडला तर पर्यायी रस्ता शेकडो मैलांचा.

क्रेसेंट सिटीकडून हाउलंड हिल रोडने जेडेडाया स्मिथ पार्कात शिरा. सुमारे दहा मैल, बहुतेक कच्चा, झाडांच्या मधून वळसे घेत जाणारा. समोरून गाडी आली तर रुंद जागा बघून थांबा. ताशी 15 मैलांच्या वर जाऊ नका, धूळ उडून नेच्यांवर बसते आणि पहिल्या पावसापर्यंत ते राखाडी राहतात. ग्रोव्ह ऑफ टायटन्सला 2021 पासून लाकडी उंच वाट आहे, मात्र तिथवर चढउतार आणि पायऱ्या आहेत. स्टाउट ग्रोव्ह सपाट आणि अर्ध्या मैलाची, पण गाडीतळापासून खाली उतरणारा उतार तीव्र आहे. वयस्कर मंडळींना काठी द्या. उशिरा दुपारी तिथे तिरकं ऊन आत येतं, त्या वेळेला साधा. स्मिथ नदीवर एकही मोठं धरण नाही, पाणी हिरवं नितळ आणि फार गार.

युरेका 84 मैल, दोन तास धरा. खोली आधीच घ्या, आणि रात्री तंबू खोलीत पसरून वाळवा. बर्लिंग्टनच्या शॉवरसाठी घेतलेली क्वार्टर (25 सेंटची नाणी) उरली असतील तर मोटेलच्या वॉशिंग मशीनला उपयोगी पडतात. पाचव्या दिवशी 270 मैल उरतात. सकाळी आठला निघालात तर सांता रोझाची संध्याकाळची कोंडी लागण्याआधी गोल्डन गेट पुलाच्या अलीकडे पोहोचाल.