म्युनिकहून माणगावच्या वीराकडे: चार देशांतून गाडीने

युरोपात गाडीने फिरायचं ठरलं की बहुतेक जण आधी शहरांची यादी करतात. व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम आणि मग त्यांना जोडणारा रस्ता. मला याच्या उलट करायला आवडतं. लांबच्या प्रवासात एक तरी थांबा असा हवा, जिथे जायला आपलं स्वतःचं कारण आहे. तो आधी नकाशावर टाकायचा आणि बाकीचा रस्ता त्याच्याभोवती बसवायचा. मग काय गाळायचं हेही पटकन कळतं.

आई-बाबा महाडहून म्युनिकला आले, तेव्हा आमचा तो थांबा होता मोंटोन. इटलीतल्या उंब्रिया प्रांतात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, टेकडीवर वसलेलं छोटं मध्ययुगीन गाव. या खोऱ्यात दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, ब्रिटिश भारतीय सैन्यातले नाईक यशवंत घाडगे लढताना गेले. ते माणगाव तालुक्यातले, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. वय बावीस. तुकडीतले सगळे सहकारी मशिनगनच्या माऱ्यात मेले किंवा जखमी झाले, तेव्हा हा मुलगा एकटा त्या ठाण्यावर चालून गेला. हातबॉम्बने गन बंद पाडली, एकाला टॉमीगनने टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांशी लढला. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून तिथेच कोसळला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्यासाठीचं सर्वोच्च पदक मिळालं. माणगावातला त्यांचा पुतळा बाबांनी आयुष्यभर येता-जाता पाहिलेला. मोंटोनमध्ये २०२३ साली त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं, हे मी फोनवर सांगितलं तेव्हाच बाबा म्हणाले, "मग बाकी काही नाही दाखवलंस तरी चालेल गं."

बाकीही दाखवायचं होतंच. म्युनिक ते मोंटोन एका दमात जाणं म्हाताऱ्या माणसांवर अन्याय आहे. दिवसाला चार तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही आणि दुपारी जेवणानंतर लांबचा टप्पा ठेवायचा नाही, एवढे दोन नियम आम्ही पाळले. रस्त्यावरची सोबत म्हणून आईने दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या. ऑस्ट्रियात डोंगराकडे तोंड करून बाकड्यावर बसून खाल्लेली दशमी हॉटेलच्या जेवणापेक्षा जास्त लक्षात राहते.

ऑस्ट्रियात महामार्गावर चढण्याआधी व्हिनिएट म्हणजे टोलचा पास घ्यावा लागतो. तो गाडीच्या नंबरवर डिजिटल मिळतो. पण इन्सब्रुकच्या पुढे ब्रेनर खिंडीचा रस्ता त्यात येत नाही, त्याचा टोल वेगळा. खिंड जेमतेम १,३७० मीटर उंचीवर, म्हणून आल्प्स ओलांडायला सगळी वाहतूक तिथेच लोटते. २०२५पासून तिथल्या ल्युएग पुलाचं मोठं काम सुरू झालं असून त्यामुळे अनेकदा एका दिशेला एकच मार्गिका मिळते. उन्हाळ्यातला शनिवार टाळाच. गाडीत धोक्याचा इशारा देणारा त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि चमकणारं जाकीट असायला हवं. जाकीट डिकीत खोल पुरून ठेवू नका, हाताशी ठेवा. इटलीत गावाबाहेर दिवसाही दिवे लावून चालवायचं असतं.

शेंगेन, म्हणजे आपसांतल्या सीमांवर एरवी तपासणी न करणारे युरोपातले देश, म्हटलं की सीमेवर कोणी विचारत नाही, अशी समजूत आहे. आता जर्मनीत परत शिरताना तपासणी होऊ शकते. आई-बाबांचे मूळ पासपोर्ट गाडीतच हवेत, झेरॉक्स चालत नाही. भाड्याची गाडी असेल तर कोणकोणत्या देशांत नेणार हे आधी कंपनीला सांगून कागदावर घ्या. आणि भारतातून येऊन स्वतः चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढून आणा.

ब्रेनर उतरलं की पहिलं मोठं गाव लागतं स्टर्झिंग. पाटीवर त्याचं इटालियन नावही असतं, विपितेनो. हा दक्षिण तिरोल पहिल्या महायुद्धानंतर इटलीकडे आला, पण आजही दुकानात जर्मन बोललं तर जर्मनमध्येच उत्तर मिळतं. इथे तासभर पाय मोकळे करा आणि पुढे व्हा. आम्ही रात्री गार्डा सरोवराजवळ राहिलो, व्हेरोनाचा जुना रोमन रिंगणमंडप (अरेना) बाहेरूनच पाहिला. त्याची मला हळहळ नाही.

खरी गोष्ट सुरू होते बोलोन्याच्या पुढे. फायेन्झाजवळून महामार्ग सेनियो नदी ओलांडतो. नदी कसली, दोन्ही बाजूंना उंच मातीचे बांध घातलेला ओढाच. गाडीतून क्षणभर दिसतो. ९ एप्रिल १९४५ला या नदीवरच्या लढाईत नामदेव जाधवांनी, तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या या शिपायाने, जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं, मशिनगनची तीन ठाणी बंद पाडली आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्यांना बोलावलं. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, आणि ते जिवंत घरी परतले. इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांच्या आसपास भारतीय सैनिक लढले. तिथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा त्यांच्या वाट्याला आले. आपल्याकडे शाळेत यातलं काहीही शिकवलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढे फोर्ली. इथल्या इंडियन आर्मी वॉर सिमेट्रीत पाचशेच्या जवळपास कबरी आहेत, आणि ज्यांचं दहन झालं अशा आठशेच्या आसपास सैनिकांची नावं कोरलेलं स्मारक वेगळं. गवत नीट कापलेलं, वाफ्यांत फुलं. आम्ही गेलो तेव्हा तिथे दुसरं कोणीही नव्हतं. बाबा चष्मा पुसून नावं वाचायला लागले, रोमन लिपीतली, एकेक अक्षर जुळवत. मराठा रेजिमेंटच्या यादीपाशी ते बराच वेळ थांबले. आपल्याकडची ओळखीची आडनावं इंग्रज कारकुनाच्या कानाने ऐकून लिहिलेली, तरी ओळखू येतात. आईने डब्यातून आणलेलं हळदकुंकू खाली ठेवलं, आणि जाताना गवतावर काही राहू नये म्हणून परत उचलूनही घेतलं.

मुक्काम रावेनाला केला, तिथून अर्ध्या तासावर. सान व्हिताले चर्चमधली मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रं, सहाव्या शतकातली. शेजारी गाला प्लाचिदियाची समाधी म्हणतात ती छोटी विटांची इमारत. आत शिरल्यावर डोळे सरावायला वेळ द्या. छत गडद निळं, त्यावर सोनेरी तारे, आणि उजेड येतो तो काचेतून नाही, दगडाच्या पातळ पापुद्र्यांतून. इथे घाई करू नका.

रावेनाहून चेझेनामार्गे दक्षिणेला ई-४५ हा रस्ता धरायचा. चौपदरी आहे, टोल नाही, मात्र डांबर जागोजागी खराब, त्यामुळे वेळ हातात ठेवा. अपेनाइन डोंगर चढून उतरलं की टायबर सोबतीला येते. खाली तंबाखूची आणि सूर्यफुलांची शेतं, वर टेकड्यांवर गावं. इटलीतल्या अशा जुन्या गावांत बाहेरच्या गाड्यांना आत बंदी असते. झेडटीएलची (म्हणजे अशा बंदी असलेल्या भागाची) पाटी दिसली की कितीही मोकळा रस्ता वाटला तरी शिरू नका, कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो. खाली लावा आणि चढून जा.

सूर्यघड्याळापाशी बाबांनी आधी सावली बघून वेळ सांगितली, मग हात जोडले. आम्ही बसलो. समोर अख्खं खोरं. घाडग्यांची ज्ञात कबर नाही, त्यांचं नाव कोरलंय ते दूर दक्षिणेला कॅसिनोच्या स्मारकावर. त्यामुळे हे मोंटोनचं स्मारक मला फार मोलाचं वाटतं. ज्या मातीत तो मुलगा पडला, तिथल्या लोकांनी ते उभारू दिलं आणि जपलंय.

परतीला त्याच रस्त्याने येऊ नका. व्हेनिस मागे टाकून गोरित्सियाला या. इथे एका चौकातून इटली आणि स्लोव्हेनियाची सीमा जाते. १९४७नंतर इथे कुंपण होतं, ते २००४मध्ये काढलं. आता जमिनीत फक्त एक गोल खूण आहे आणि पोरं तिच्यावरून सायकली नेतात. पुढे सोचा नदीच्या काठाने साध्या रस्त्याने कोबारिदला जा. स्लोव्हेनियाचा टोलपास फक्त महामार्गांना लागतो, या वाटेने गेलं तर तो लागत नाही. सोचाचं पाणी हिरवंगार आणि थंडगार आहे. याच खोऱ्यात पहिल्या महायुद्धात बारा लढाया झाल्या. कोबारिदचं संग्रहालय लहान आहे, पण पाहाच. त्यानंतर व्रशिच घाट, १,६११ मीटर उंच आणि पन्नास वळणांचा. हा रस्ता रशियन युद्धकैद्यांकडून करून घेतला आणि १९१६च्या हिमस्खलनात त्यातले पुष्कळ जण गाडले गेले. त्यांच्यासाठी लाकडी प्रार्थनाघर आहे, तिथे गाडी थांबवा. वरंध्यात गाडी चालवलेल्याला हा घाट जड जाणार नाही, हिवाळ्यात मात्र बंद असतो. तिथून फिलाख, टाउएर्न बोगदा, साल्झबर्ग आणि घर. बोगद्याचा टोल ऑस्ट्रियाच्या पासात नाही, तो निराळा भरायचा.

तुमच्या घरात कोणी आजोबा-पणजोबा इटलीच्या लढाईत गेले असतील, तर प्रवास ठरवण्याआधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर त्यांचं नाव शोधा. स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी घालून पाहा, रेजिमेंट घाला. कोणत्या गावात, कोणत्या भिंतीवर किंवा कोणत्या कबरीवर नाव आहे ते मिळतं. मग नकाशा उघडा आणि तिथून सुरुवात करा.