यादीत नाव नाही
इंधनावरची सबसिडी काढली की गरीब घरांच्या खात्यात थेट पैसे टाकायचे, अशी योजना होती आणि मी तिच्या तक्रार खिडकीवर बसायचो. त्या दिवशी सकाळपासून रांग, आणि सगळ्यांचं एकच, यादीत नाव नाही.

एक ताई आल्या, कडेवर मूल. नंबर टाकला तर स्क्रीनवर ‘अपात्र’, कारण काय तर घरात पगारदार माणूस आणि दुचाकी. मी वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "साहेब, कारखाना बंद पडला तेव्हाच पगार गेला, गाडी विकून भाडं भरलं. आता कुठली गाडी?" सर्व्हे मंदीच्या आधीचा होता ना! म्हणजे संकटात जे नव्याने गरीब झाले तेच नेमके यादीबाहेर. वर नियम असा की नोकरी गेल्याचा कागद आणा. कोण देणार कागद? मालकाने गेटला कुलूप लावलंय, आणि रोजंदारीवाल्याचं तर हजेरीतही नाव नसतं.

हे काही आमच्याकडेच झालं असं नाही. इंडोनेशियात ऑक्टोबर २००५ मध्ये इंधनाचे दर एकदम वाढवले, सोबत महिन्याला १ लाख रुपिया मदत, तीन महिन्यांची एकदम. पण यादी घाईत केलेली, वगळलेले लोक रस्त्यावर आले आणि मग नावं वाढवत वाढवत सुमारे १ कोटी ९० लाख कुटुंबांपर्यंत जावं लागलं. इराणने २०१० मध्ये उलट केलं, दरवाढीच्या आधीच पैसे खात्यात टाकून ठेवले, फक्त ते दर वाढले त्या दिवशी मोकळे केले. मला हाच क्रम बरोबर वाटतो, कारण दरवाढ लगेच लागू होते आणि मदत मात्र पडताळणीत अडकते, आणि मधले महिने त्या घराने काढायचे कसे?

दुपारी आमच्या अधिकाऱ्यांकडे गेलो. म्हटलं, सर, स्वयंघोषणापत्रावर तीन महिने पैसे सुरू करू, घरी जाऊन तपासणी नंतर करू. ते म्हणाले, खोटे लोक घुसतील. मी म्हटलं घुसतील थोडे, त्यांना नंतर काढता येईल, पण या बाईंचे हे तीन महिने नंतर देता येणार नाहीत. बराच वेळ वाद झाला, शेवटी सही मिळाली.

ताईंचा फॉर्म त्याच दिवशी गेला, रांगेतल्या बाकीच्यांचेही घेतले. पण जे खिडकीपर्यंत आलेच नाहीत, म्हातारे, आजारी, त्यांच्यासाठी वस्तीत कॅम्प लावायला हवेत, ते अजून मंजूर नाही, मागे लागलोय.