एकटीने ताल्पाला पायी

मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातल्या अमेका या गावातून डोंगर ओलांडून ताल्पा दे आयेंदेला एक वाट जाते, ११७ किलोमीटरची. ताल्पाच्या रोझरीमातेला, म्हणजे तिथल्या चर्चमधल्या मेरीमातेच्या मूर्तीला, वर्षाकाठी वीसेक लाख माणसं येतात आणि त्यातली पुष्कळ हीच वाट पायी चालतात. मी ती दोनदा चालले, दोन्ही वेळा एकटी. नातं तुटल्यावर ज्यांना कुठेतरी लांब, ओळखीचं कुणी नसेल तिथे निघून जावंसं वाटतं, अशी माणसं मला या वाटेबद्दल विचारतात. त्यांना मी आधी एकच सांगते: एकटं जायचं असेल तर मोसमात जा. रिकाम्या वाटेवर जाऊ नका.

कारण साधं आहे, पाणी. मोसमात दर दोन-तीन किलोमीटरवर ताडपत्रीखाली टपरी असते. पाणी, कॉफी, तोर्तिया, काठ्या, मोजे, सगळं मिळतं. मोसम संपला की त्या टपऱ्यांचे नुसते वासे उरतात. दोन गावांमधल्या पट्ट्यात पाणी नाही, सावली थोडी, आणि गुरांच्या वाटा मुख्य वाटेला इतक्या ठिकाणी फुटतात की धुळीत हजारो पावलं उमटलेली नसतील तर चकवा बसतो. पाय मुरगळला तर दोन-तीन तास कुणी येतही नाही. मन मोडलेलं असताना माणसाला एकांत हवासा वाटतो, हे खरं आहे. पण गर्दीतही तो मिळतो. इथे कुणी कुणाला ओढत नाही, जो तो आपल्या चालीने चालतो.

मोसम म्हणजे राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतचा ख्रिस्ती लोकांचा उपास-प्रायश्चित्ताचा काळ, साधारण फेब्रुवारी-मार्च ते एप्रिल. वसईकडच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. शेवटचा पवित्र आठवडा टाळा, तेव्हा झोपायला जागा मिळत नाही. त्याआधीचे दोन-तीन आठवडे उत्तम. १९ मार्चला संत जोसेफचा सण, त्याच्या आसपासही झुंबड असते. २ फेब्रुवारी, १२ मे, १९ सप्टेंबर आणि ७ ऑक्टोबर या ताल्पाच्या इतर मोठ्या तारखा. पण जून ते ऑक्टोबर पाऊस असतो, वाटेचा चिखल होतो आणि ओढे भरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात ही वाट एकटीने चालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मोसमातही गुरुवारी पहाटे निघा, म्हणजे शुक्रवार ते रविवारची वर्दळ सोबतीला राहते.

निघण्यापूर्वीच्या दोन कामांकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. पहिलं, फोनमधला आणि प्रवास-विम्यातला तातडीच्या संपर्काचा नंबर बदला. तो बहुतेकांच्या बाबतीत अजून ज्याच्याशी नातं तुटलं त्याच माणसाचा असतो. डोंगरात काही झालं आणि दवाखान्याने तोच नंबर फिरवला, तर दोघांचीही पंचाईत. बहीण, भाऊ, मैत्रीण, जे कुणी असेल त्यांचा नंबर घाला आणि रोजचा मुक्काम त्यांनाच कळवा. गावांच्या मधे रेंज नसते, म्हणून गाव आलं की आधी तो निरोप टाका. दुसरं, बोटात अंगठी असेल तर निघायच्या आदल्या दिवशी काढा. तासन्‌तास हात खाली सोडून चाललं की बोटं सुजतात, अंगठी रुतते आणि मग साबणानेही निघत नाही. ती कधी काढायची हे तुमचं अजून ठरलं नसेल, तरी चालण्यापुरती काढावीच लागते. कमरेच्या पाकिटात ठेवा, पाठपिशवीत नको. पिशवी रात्री अंगापासून दूर राहते.

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. शेंगेन, कॅनडा, ब्रिटन किंवा जपानचा असला तरी चालतं. राज्याची राजधानी ग्वादालाहारा, तिथे उतरून बसने अमेका गाठायचं, दीड-दोन तास लागतात. पैसे तिथेच काढून सुटे करून घ्या, वीस-पन्नास पेसोंत. पाचशे पेसोची नोट टपरीवर मोडून मिळत नाही, आणि संडासालाही पाच-दहा पेसो सुटे द्यावे लागतात. टॉयलेट पेपरही स्वतःजवळ ठेवा.

वाटेला दोन चढ आणि दोन उतार आहेत, हे डोक्यात पक्कं असलं की बाकी सोपं. अमेका साधारण १,२०० मीटरवर आहे. तिथून लागुनियासवरून सेरो देल ओबिस्पो, म्हणजे बिशपची टेकडी, सुमारे २,००० मीटरपर्यंत चढायची. मग उतरून आतेंगियो. मग एस्पिनासो देल दियाब्लो, सैतानाचा कणा, तो ओलांडायचा. आणि शेवटी ताल्पाचा उतार. गेल्या दशकाच्या सुरुवातीला वाटेवर वास्तुकारांनी काही बांधकामं उभी केली आहेत. लागुनियासला तात्याना बिल्बाओ आणि डेरेक डेलेकाम्प यांच्या उघड्या चॅपेलच्या पांढऱ्या भिंती आहेत, तर बिशपच्या टेकडीवर काँक्रीटचा उंच पोकळ खांब, ज्याच्या आत उभं राहून वर पाहिलं की आभाळाचा तुकडा दिसतो. खुणेला उपयोगी, आणि सावलीलाही.

स्थानिक लोक ही वाट तीन दिवसांत काढतात, बरीचशी रात्री चालून. त्यांची बरोबरी करू नका. पहिल्याच दिवशी त्यांच्या चालीने बिशपची टेकडी चढलेले पाहुणे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रस्त्याकडेला बसलेले दिसतात. आपल्या वारीत पालखीचा मुक्काम ठरलेला असतो, त्यामुळे चाल आपोआप आवरली जाते. इथे थांबा म्हणणारं कुणी नाही, म्हणून आकडा आपणच ठरवायचा: पाच दिवस, रोज बावीस ते पंचवीस किलोमीटर. पहाटे पाचला निघायचं, त्या वेळी रात्रभर चाललेले जथे अजून वाटेवर असतात आणि बॅटऱ्यांची रांग दिसते. अकरा ते तीन सावली धरायची, चार-साडेचारला मुक्काम. दुपारी तीस अंशांच्या पुढे तापतं, आणि वरच्या टप्प्यावर पहाटे दातावर दात आपटतात. एक उबदार थर आणि टोपी हवीच. एकूण ओझं सहा किलोच्या वर नको.

पाय बिघडतात ते चढावर नाही, उतारावर. उतारात पाऊल बुटात पुढे सरकतं, अंगठ्याचं नख पुढे आपटतं आणि काळं पडतं. म्हणून बूट अर्धा नंबर मोठा घ्या, नखं निघायच्या तीन-चार दिवस आधी कापा (आदल्या दिवशी नको, कोपरे दुखतात), आणि उतार सुरू होण्यापूर्वी थांबून नाडी घोट्यापाशी पुन्हा घट्ट बांधा. इथली धूळ पिठासारखी बारीक आहे. मोज्यात शिरून घामात भिजली की पॉलिश कागदासारखी घासते. दर दहा किलोमीटरला मोजे बदला, काढलेले पिशवीवर वाळत टाका. टाच किंवा करंगळी चुरचुरली की त्याच क्षणी थांबून कागदी चिकटपट्टी लावायची. ‘पुढच्या टपरीवर बघू’ म्हटलं की फोड येतो. फोडातून सुई-दोरा ओवून दोरा आतच ठेवायची पद्धत तिथेही आहे, आपल्या वारीतही आहे. या धुळीत ती करू नका, दोऱ्यावाटे घाण आत जाते.

सकाळी बूट घालण्यापूर्वी उलटे करून झटका. हालिस्कोत विंचू फार, आणि त्यांचं विष साधं नसतं. चावलाच तर घरगुती उपायात वेळ न घालवता आरोग्य केंद्र गाठायचं, उतारा तिथे मिळतो. तातडीचा नंबर ९११. मोसमात वाटेवर मदतपथकांचे तंबू असतात, ते कुठे आहेत ते येता-जाता पाहून ठेवा.

या राज्यात संघटित गुन्हेगारीचा जोर आहे, हेही लपवण्यात अर्थ नाही. निघण्याच्या आठवड्यात ताज्या सरकारी सूचना वाचा आणि त्या नको म्हणत असतील तर बेत पुढे ढकला. वाटेवर नियम एकच: लोक चालतात तिथूनच चाला. फोटोसाठीसुद्धा आडवाटेला शिरू नका, अंधारात एकटं चालू नका. ‘सोला?’ म्हणजे ‘एकटीच?’ असं कुणी विचारलं तर ‘माझी माणसं पुढे आहेत’ म्हणायचं. झोपायला बायका-मुलं असलेल्या कुटुंबाशेजारची जागा मागा. टपरीवाल्या मावशी ‘मिहा’ म्हणत, म्हणजे ‘पोरी’ म्हणत, जागा करून देतात.

शाकाहारी माणसाला हा काळ सोयीचा, कारण शुक्रवारी मांस वर्ज्य असतं. मसुराचं सूप, निवडुंगाची भाजी (नोपालेस), चीजच्या केसादिया, आणि कापिरोतादा: पाव, दालचिनी, शेंगदाणे, चीज आणि पिलोन्सियोचा पाक. पिलोन्सियो म्हणजे आपल्या गुळाचाच भाऊ. सावध राहायचं ते घेवड्याच्या फ्रिहोलेसपाशी, ते बरेचदा डुकराच्या चरबीत परततात, ‘सिन मांतेका?’ म्हणजे ‘चरबीशिवाय?’ असं विचारा. भात कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असू शकतो, आणि उपासाच्या पदार्थांतल्या वड्यांत सुकी कोळंबी असते. पाणी बंद बाटलीचंच, जवळ दोन लिटर कायम. दिवसाला एक तरी क्षारांचं पेय, सुएरो, घ्या. फक्त पाणी पीत राहिलं की मळमळ आणि पेटके येतात, आणि लोक त्याला ऊन लागलं समजतात. ‘किती राहिलं?’ विचारल्यावर ‘या मेरो’ असं उत्तर आलं, तर ते आपल्या ‘हे काय, आलंच’सारखं आहे. त्यावर पाण्याचा हिशेब करू नका.

वाटेत हमखास विचारतात, ‘मांदा आहे का?’ मांदा म्हणजे नवस. कुणी मुलाच्या ऑपरेशनसाठी आलेलं असतं, कुणी सीमेपलीकडे गेलेल्या भावासाठी. ‘नातं तुटलं म्हणून चालतेय’ हे उत्तरही तिथे चालतं. लोक मान हलवतात, हातावर संत्रं ठेवतात आणि पुढे होतात. खोदून कुणी विचारत नाही. ज्यांना घरी दहा जणांना तेच तेच सांगून शीण आलाय, त्यांना हे फार मोलाचं वाटतं.

शेवटचा उतार दमलेल्या पायांनी घाईत करू नका, गाव दिसू लागतं आणि घोटे तिथेच मुरगळतात. गावात शिरल्यावर काही जण गुडघ्यांवर चालत बॅसिलिकेपर्यंत जातात. त्यांना वाट द्या, फोटो काढू नका. माता मूर्तीने लहान आहे, मक्याच्या ताटातल्या गराच्या लगद्याची. ती जीर्ण झाली म्हणून पुरायची ठरली होती. १९ सप्टेंबर १६४४ रोजी मारिया तेनांची या आदिवासी बाईने हात लावला तेव्हा ती उजळून नवी झाली, अशी श्रद्धा आहे. मोडलेलं घेऊन आलेली माणसं तिच्यासमोर इतका वेळ का थांबतात, ते यावरून कळतं. बाहेर धातूचे बारके मिलाग्रो मिळतात: पाय, डोळे, घर, हृदय. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हातपाय, तसेच. ते ठरलेल्या जागीच वाहायचे.

ताल्पात दोन रात्री तरी राहा, पायांची सूज उतरायला तेवढा वेळ लागतो. तोवर चपला घाला, बूट नको. पेरूच्या गराची गुंडाळी, रोयो दे ग्वायाबा, तिथली खासियत. दोन-तीन आठवडे टिकते, पण उन्हात चिकट होते म्हणून प्लास्टिकवर कागद गुंडाळून घ्या. चिकाच्या डिंकाची रंगीत फुलंही मिळतात, ती मात्र दाबली की मोडतात. ग्वादालाहाराची बस घाटाघाटातून जाते. उलटीची गोळी अर्धा तास आधी घ्या आणि पुढची जागा मागून घ्या.