‘चालू औषधे : काही नाही’

पित्ताशयाचं ऑपरेशन सुरळीत झालं. मी अडकलो ते त्याआधी, एका फॉर्मपाशी.

भूल देण्याआधीच्या तपासणीचा फॉर्म. त्यात ‘चालू औषधे’साठी बोटभर जागा. टेबलावरच्या बाईंनी विचारलं, “बीपी? शुगर? थायरॉईड?” तिन्हीला नाही म्हटलं, तर मी पुढे बोलायच्या आत ‘काही नाही’ लिहून मोकळ्या! म्हटलं, अहो, अकरा वर्षं फिटची गोळी चालू आहे, कार्बामाझेपीन. “शेवटची फिट कधी आली?” सहा वर्षांपूर्वी. “मग आता त्रास नाही ना!” त्रास नाही तो गोळीमुळेच, पण ऐकतंय कोण. बरं, किती मिलिग्रॅमची, हे मलाही पाठ नव्हतं (ही चूक माझीच). चिठ्ठी आणा म्हणाल्या. आणली, तर जुनी आहे, नवी आणा. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या वेळी माझा आवाज चढला, उपयोग शून्य. शेवटी गोळ्यांची रिकामी पट्टीच फॉर्मला स्टेपल केली.

भूलतज्ज्ञ मॅडमनी आधी पट्टीच पाहिली. ऑपरेशनमध्ये स्नायू सैल करायला रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम अशी औषधं देतात. कार्बामाझेपीन किंवा फेनिटॉइन बरेच दिवस घेणाऱ्याचं यकृत ती भराभर निकालात काढतं. म्हणून डोस जास्त लागतो, असरही लवकर उतरतो. अॅट्राक्युरियम या तशाच दुसऱ्या औषधात हा फरक कमी पडतो. असर किती उरलाय ते कळावं म्हणून मॅडम मनगटाजवळच्या नसेला यंत्राने ओळीने चार झटके देऊन अंगठा किती हलतो ते बघत राहणार होत्या. चौथी हालचाल पहिलीच्या निदान 90 टक्के झाली की मगच घशातली श्वासाची नळी काढायची.

उलटंही होतं. लिथियम (मानसिक आजारावरचं औषध), जेंटामायसिन (अँटिबायोटिक), शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम यांनी स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा असर लांबतो.

गोळी मनाने बंद करू नका. ‘उपाशी या’ म्हटल्यावर मी सकाळची सोडणारच होतो; विचारलं, तर घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगितली.

आणि हो, रोक्युरोनियमचा असर उतरवायला सुगामाडेक्स दिलं असेल, तर गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका. पुढचे 7 दिवस कंडोमसारखी दुसरी काळजीही घ्यायची. त्यामुळे ती गोळीही फॉर्मवर लिहा, कुणी विचारो न विचारो.