गुडघ्यातली सुई टिकत का नाही

नॅनो म्हटलं की आपल्याकडे आधी युरियाची अर्ध्या लिटरची बाटली आठवते. गुडघ्याच्या औषधात त्या शब्दाचा अर्थ वेगळा. तो कळला की 'नॅनो' लिहिलेल्या तेलावर पैसे घालवावेसे वाटत नाहीत.

अडचण अशी की कूर्चेत, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत गादीत, रक्तवाहिन्याच नसतात. सांध्यात थेट सुई दिली तरी साधं औषध काही तासांत, फार तर काही दिवसांत निघून जातं. त्यात कूर्चा म्हणजे दाट जाळी, तिच्यावर ऋण विद्युतभार. संशोधकांनी हाच भार कामाला लावला. धन भाराचे, काही नॅनोमीटरचे कण आत ओढले जातात आणि अडकून राहतात. (मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक नॅनोमीटर.) भार जास्त झाला की कण वरच्या थरालाच चिकटतात, कमी पडला की वाहून जातात. सगळी मेख इथं आहे. 2018 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटानं डेन्ड्रिमर नावाच्या कणावर आयजीएफ-1 हे वाढीचं प्रथिन बसवलं. उंदरांच्या गुडघ्यात ते 30 दिवसांपर्यंत टिकलं. पण उंदराची कूर्चा कागदाएवढी, माणसाची 2 ते 4 मिलिमीटर!

2017 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली ट्रायॅमसिनोलोन या स्टेरॉईडची हळू सुटणारी 32 मिलिग्रॅमची सुई आहे, पण तिचे कण मायक्रॉनमधले (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर), नॅनो नव्हेत. ती दुखणं कमी करते. झिजलेली कूर्चा भरून देणारी मंजूर सुई आज कुठलीच नाही.

मग पराटी निंदताना, धानाची रोवणी करताना गुडघा धरला तर? डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या औषधाचं 1 टक्क्याचं जेल एका गुडघ्याला 4 ग्रॅम, दिवसातून चारदा लागतं. म्हणजे 30 ग्रॅमची ट्यूब दोन दिवसही पुरत नाही. आपण बोटभर लावतो आणि म्हणतो, गुण येत नाही. लावल्यावर शेक नको, पट्टाही नको. किडनीचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. सोबत पाय सरळ ठेवून वीतभर उचला, 5 सेकंद धरा, असं 10 वेळा.

स्टेरॉईडची सुई घेतलीच तर औषधाचं नाव आणि मात्रा कागदावर लिहून घ्या. दोन सुयांत निदान तीन महिने जाऊ द्या. शुगर असेल तर ती काही दिवस वाढते. गुडघा लाल, गरम झाला, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, वेचणी राहू द्या.