चालेल मॅडम

मी खेळाडूंवर उपचार करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. जिच्याबद्दल लिहितेय ती ओळखू येऊ नये म्हणून तिचा खेळ खो-खो होता असं धरून चाला. गाव सांगत नाही. वय 22, मांडीमागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, तिसऱ्यांदा दुखावलेला.

पहिल्या दिवशी तिला पालथं झोपायला सांगितलं. "चालेल मॅडम." मांडीवर दाब दिला, दुखतंय का विचारलं. "नाही मॅडम." ती गेल्यावर पाहिलं, तर टेबलाच्या कडेला रेक्झिनवर नखांचे वण उमटलेले. मला वाटलं, दुखत असूनही पोरगी सहन करते. खेळाडूच ती! मनात कौतुकही केलं.

चौथ्या भेटीत नॉर्डिक व्यायाम घेतला. खेळाडूने गुडघ्यांवर उभं राहून सावकाश पुढे झुकत जायचं आणि मागून कुणीतरी त्याचे घोटे दाबून धरायचे. मी घोटे धरले मात्र, ती जागच्या जागी थिजली. हाक मारली तरी ओ नाही. मिनिटभराने म्हणाली, "सॉरी मॅडम, परत करते."

परत केलं नाही. चहा मागवला. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही, पुढच्या आठवड्यात बोलली. तेराव्या वर्षी, निवासी केंद्रात, मसाजच्या नावाखाली, सर. एवढंच लिहिते. मग तिने विचारलं, "कुणाला सांगणार नाही ना?" मी पटकन म्हणाले, "नाही गं."

हा शब्द द्यायचा मला अधिकारच नव्हता. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्याचं कलम 19 सांगतं की, असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. वकील मैत्रिणीने ते समोर बसवून समजावलं. वर्षं उलटली म्हणून तक्रारीची मुदत संपत नाही, हेही तिच्याकडूनच कळलं. आणि ते सर अजून मुलींना शिकवत होते.

मी हे सांगितलं तेव्हा ती भयंकर चिडली. "मग आधीच सांगायचं ना!" बरोबरच होतं तिचं. आता मी पहिल्याच भेटीत सांगते, की इथलं बोलणं बाहेर जात नाही, पण लहान मुलांवरच्या अत्याचाराचं कळलं तर मला गप्प बसता येत नाही.

दोन दिवसांनी ती वहिनीला घेऊन आली. पोलीस ठाण्यात महिला अधिकाऱ्याने तिचा जबाब घेतला. मी बाहेर बाकावर बसून होते, नंतर माझाही जबाब झाला. प्रकरण कोर्टात आहे, त्यामुळे त्यावर इथेच थांबते.

मानसोपचारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी लिहिली ती तिच्यासमोरच. तिने वाचून दोन ओळी खोडल्या. "हे मी स्वतः सांगेन." मला त्या ओळी फार महत्त्वाच्या वाटत होत्या. खोडू दिल्या.

उपचार मात्र मुळापासून बदलावे लागले. अमेरिकन जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर उपचार म्हणूनच अत्याचार करत होता. 2018 मध्ये त्याच्या शिक्षेच्या सुनावणीत दीडशेहून अधिक जणी बोलल्या. ते सगळं मी तेव्हा वाचलं होतं, पण आपल्या टेबलाशी त्याचा संबंध जोडला नव्हता. आता टेबल असं फिरवलंय की पडल्या पडल्या दार दिसतं. घोट्यांना पट्टा असतो, तो तीच बांधते, तीच सोडते. स्नायू मोकळा करायला टेनिस बॉल, तोही तिच्याच हातात. हात लावायचाच झाला तर कुठे आणि किती वेळ ते आधी सांगते.

तरी ती दर वेळी "चालेल" म्हणायची. मैदानावर वाढलेल्या पोरी सगळ्यालाच चालेल म्हणतात, तसंच शिकवलेलं असतं त्यांना. म्हणून मी "चालेल का?" विचारणंच सोडलं. "बॉलने करू, हाताने करू, की आज राहू दे?" असं विचारू लागले.

दोन-अडीच महिने गेले. एका सोमवारी ती म्हणाली, "आज पालथं नको." बूटसुद्धा काढले नाहीत तिने. मी फाईलमध्ये तारीख घालून लिहिलं, 'आज नको म्हणाली', आणि नेहमीप्रमाणे फाईल तिला वाचायला दिली. तिने पेन मागून खाली लिहिलं, 'बुधवारी बघू.'